प्रवेश दिलात, आता छप्पर द्या

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाच्या इंजिनिअरिंगला पुण्यात येणाऱ्या मुलांना राहायची जागा शोधताना जे भोगावं लागतं, त्याला मी लूट म्हणते. ती दरवर्षी ऑगस्टच्या सुमाराला होते, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होते, आणि तिच्यात घरमालक, एजंट, कॉलेज आणि सरकार अशा चौघांचा हात आहे. चौघांनाही हे पक्कं माहीत आहे.

मी मराठवाड्यातल्या एका तंत्रनिकेतनात शिकवते. दहावीनंतर आमच्याकडे येणारी पोरं कोरडवाहू शेतकऱ्यांची, ऊसतोड कामगारांची, आठवडी बाजारात पाल टाकून बसणाऱ्यांची असतात. तीन वर्षं वर्कशॉपमध्ये घासतात, बारावीवाल्यांनी नाकं मुरडली तरी चिकाटी सोडत नाहीत, आणि ऐंशी-पंच्याऐंशी टक्के घेऊन सीईटी सेलच्या यादीत येतात. पुण्यातल्या कॉलेजचं नाव लागलं की त्या घरात पेढे येतात. पुढच्या चार-आठ दिवसांत त्याच घरातून फोन सुरू होतात, "मॅडम, पोराला ऱ्हायला कुठं ठिवावं?"

हा प्रश्न त्यांच्यावर आकाशातून पडलेला नाही. तो व्यवस्थेने आखून दिलेला आहे. थेट दुसऱ्या वर्षाच्या फेऱ्या आणि रिपोर्टिंग उरकेपर्यंत ऑगस्ट उलटतो, कधी सप्टेंबर उजाडतो. तोवर कॉलेजात दुसऱ्या वर्षाचे तास सुरू झालेले असतात, सबमिशनच्या तारखा लागलेल्या असतात, आणि वसतिगृहाच्या खाटा केव्हाच वाटून झालेल्या असतात. त्या वाटपात पहिलं वर्ष आधी आणि मग बाकीच्यांना आदल्या वर्षाच्या गुणांवर, अशी अनेक ठिकाणची रीत. आमच्या मुलाचं त्या कॉलेजात आदलं वर्षच नसतं, मग गुण कुठून आणायचे? गुणवत्ता यादीत त्याला जागाच नाही. वेटिंगला नाव लिहा, म्हणून सांगतात. ते वेटिंग दिवाळीपर्यंत हलत नाही.

आणि ही मुलं कॉलेजवर लादलेली आहेत असंही नाही. मंजूर प्रवेशक्षमतेच्या दहा टक्के जादा जागांवर ती येतात, शिवाय पहिल्या वर्षाच्या ज्या जागा रिकाम्या राहिल्या त्यांवरही येतात. रिकाम्या बाकाची तीन वर्षांची फी त्यांच्यामुळे वसूल होते. ज्या शाखांना बारावीच्या मुलांनी पाठ दाखवली, त्या शाखा आमच्या मुलांनी भरल्या. त्या मुलाने रात्री कुठे झोपायचं हे विचारायला एकही प्राचार्य तयार नाही. वसतिगृहाचे रंगीत फोटो माहितीपुस्तिकेत छापायचे, "सुसज्ज वसतिगृह उपलब्ध" असं लिहायचं, आणि मुलगा ट्रंक घेऊन दारात आला की सुरक्षारक्षकाकरवी बाहेरच्या एजंटचा नंबर द्यायचा! फी घेणाऱ्याने असं वागणं ही उघड फसवणूक आहे.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, हितं आमाला कुणी नीट सांगंना. तुमी येता का?" बापलेक रात्रीच्या एसटीने येऊन पहाटे वाकडेवाडीला उतरले होते. मी गेले. एजंट आम्हाला नऱ्ह्यातल्या एका इमारतीत घेऊन गेला. टू बीएचके फ्लॅट. हॉलमध्ये तीन लोखंडी खाटा, दोन्ही बेडरूममध्ये दोन-दोन, आणि बाल्कनीला स्लायडिंगच्या काचा लावून तिथे आठवी. दाखवत होते ती आठवी. बाथरूम दोन, त्यातल्या एकाच्या कडीला दोरी बांधून ठेवलेली, कारण नळ गळत होता. स्वयंपाकघराचा ओटा होता, पण गॅस चालणार नाही. भिंतीवर छापील कागद चिकटवलेला: गिझर सकाळी ६ ते ७, बाहेरच्या व्यक्तीस मज्जाव, भाडे ५ तारखेच्या आत, नंतर रोज १०० रुपये दंड. बाल्कनीतल्या गादीला पावसाची ओल लागलेली होती. हात लावला तर बोटं ओली झाली.

एजंटने एका दमात सांगितलं, "खाटेला साडेसहा हजार, दोन महिन्यांचं डिपॉझिट, एक महिन्याचं ब्रोकरेज, चालू महिन्याचं भाडं आत्ता. लाईट बिल वेगळं. टोकन लगेच टाका, संध्याकाळपर्यंत ही खाट राहत नाही." म्हणजे पहिल्या दिवशी २६,००० रुपये. त्या माणसाचं सोयाबीन तेव्हा शेतात हिरवं उभं होतं. दसऱ्या-दिवाळीच्या आधी त्याच्या हातात पैसा येत नाही. त्याने धोतराच्या कनवटीला हात लावला आणि फक्त एवढंच विचारलं, "पावती मिळंल का?"

"काका, पावती-बिवती इथे कोणी देत नाही."

आता जरा हिशेब करा. आठ खाटा, प्रत्येकी साडेसहा हजार: महिन्याला ५२,००० रुपये. त्याच भागात तोच फ्लॅट कुटुंबाला द्यायचा झाला तर याच्या निम्मं भाडंसुद्धा येणार नाही. हे जास्तीचे पैसे कसल्या सेवेचे? ओल्या गादीचे? दोरी बांधलेल्या बाथरूमचे? मुलगा उशिरा आलाय, वर्ग सुरू आहेत, बापाला रात्रीच्या गाडीने परत जायचंय, ही त्यांची अडलेली मान पाहून लावलेली किंमत आहे ती. अडल्यानडल्याला व्याजाने पैसे देणाऱ्या सावकाराला आपण शिव्या घालतो. या माणसांना पांढरपेशे गुंतवणूकदार म्हणून मान देतो.

आणि यातलं बरंचसं सरळ बेकायदेशीर आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. त्याचं कलम ५५ मी आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना आता वर्गात वाचून दाखवते. भाड्याने किंवा लीव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या जागेचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरायचं. खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. कायदा मुलाच्या बाजूने इतका स्पष्ट उभा आहे, आणि पुण्यातल्या एकाही कॉलेजच्या प्रवेश कक्षात हे कलम भिंतीवर लावलेलं मी पाहिलेलं नाही.

"अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?" असं मालक ठासून सांगतात आणि शिकलेले लोक माना डोलावतात. वर्षापेक्षा कमी मुदतीला नोंदणी नको, ही समजूत महाराष्ट्रात चालत नाही. कलम ५५ मुदत बघत नाही. "ही पीजी आहे, भाड्याची जागा नाही" ही दुसरी पळवाट. याच कायद्यात पेइंग गेस्ट कोणाला म्हणायचं तेही लिहिलेलं आहे: मालक स्वतः ज्या घरात राहतो, त्या घराचा काही भाग ज्याला राहायला दिला तो. नऱ्ह्याच्या त्या फ्लॅटचा मालक तिथे एक रात्रसुद्धा राहत नव्हता. आंबेगाव, धायरी, कात्रज, वाघोली, आकुर्डी या भागांत पीजीच्या पाट्या लावलेल्या अशा फ्लॅटांत मालक राहतात कुठे, ते कुणीतरी जाऊन बघावं.

नोंदणीला खर्च फार येतो हेही खोटं. एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, शहरात नोंदणी फी १,००० रुपये. महिना वीस हजार भाड्याचा अकरा महिन्यांचा करार धरला तर मुद्रांक साडेपाचशे-सहाशेच्या घरात. सगळं मिळून दोन हजारांच्या आत बसतं, घरबसल्या ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा पुरतो. तरी मालक करार टाळतो, कारण करार झाला की उत्पन्न दिसतं, माणसं मोजली जातात, आणि एका फ्लॅटमध्ये आठ जण कोंबलेत हे सोसायटीपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांना कळतं. त्याची लपवाछपवी टिकावी म्हणून एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने विनापावती, विनाकागद राहायचं.

त्याचा भुर्दंड दोनदा बसतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही तर भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. २०१६-१७ मध्ये ती सुरू झाली तेव्हा पुणे-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले: भोजनाला ३२,०००, निवासाला २०,०००, निर्वाहाला ८,०००. निवासाचे २०,००० दहा महिन्यांवर वाटले की महिना २,००० पडतात. दोन हजारांत पुण्यात कोणती खाट मिळते ते समाजकल्याण खात्याने मला दाखवावं, मी मुलांना घेऊन येते. आदिवासी मुलांसाठीच्या स्वयंम योजनेचीही हीच रड. पण जी काही रक्कम आहे ती मिळवायला मुलाला आपण कुठे राहतो याचा पुरावा द्यावा लागतो, भाडेकरार जोडावा लागतो. माझ्या एका विद्यार्थिनीने कर्वेनगरमधल्या घरमालकिणीकडे करार मागितला. उत्तर आलं, "तुला कागद हवा असेल तर दुसरीकडे बघ बाई." ती गप्प बसली, कारण दुसरीकडे बघायला पुन्हा ब्रोकरेज लागतं. सरकार कागद मागतं, मालक कागद देत नाही, आणि मालकाला कागद द्यायला लावण्याचं काम ज्या सरकारचं, तेच मुलीच्या अर्जात त्रुटी काढून तो परत पाठवतं. या मूर्खपणाला जबाबदार असलेल्या एकाही अधिकाऱ्याची खुर्ची कधी हललेली नाही.

डिपॉझिटबद्दल वेगळं काय सांगायचं? ते परत मिळत नाही, हे पोरं आता गृहीतच धरतात. रंगकाम, गादी खराब, नोटीस एक महिना उशिरा दिली, काहीही कारण पुरतं. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा काढला, त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याइतकंच ठेवलं. पण राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो इथल्या पोराच्या उपयोगाचा नाही.

आता ज्या गोष्टीवर पुण्यात सगळे आवाज खाली करून बोलतात त्या गोष्टीवर येते. "आडनाव काय?" फोनवर भाडं सांगण्याआधी हा प्रश्न येतो. मग गाव, मग "नॉनव्हेज खाता का?" आणि एवढ्याने अंदाज आला नाही तर सरळ, "म्हणजे तुम्ही कोण?" माझा एक मुस्लिम विद्यार्थी, मेकॅनिकलला आमच्या तुकडीत पहिला, त्याला सकाळी रिकामी असलेली खाट नाव सांगितल्याबरोबर भरलेली निघायची. शेवटी त्याने आपल्या हिंदू मित्राला फोन करायला लावला. तीच खाट पुन्हा रिकामी झाली होती. १९१७ मध्ये कोलंबिया आणि लंडनहून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. आंबेडकरांना त्या शहरात कुणी जागा दिली नाही. पारशी नाव सांगून एका पारशी धर्मशाळेत राहावं लागलं, आणि खरी ओळख कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तिथून बाहेर काढलं. त्याला शंभर वर्षं उलटून गेली. माझ्या विद्यार्थ्याला मित्राच्या आवाजाआड लपून खाट मागावी लागते. खासगी मालकाने जात-धर्म पाहून घर नाकारलं तर त्याला जाब विचारणारा स्वतंत्र कायदा या देशात नाही, आणि तो अजून कोणत्याही सरकारने केलेला नाही. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यापासून वाघोलीच्या नव्या टॉवरपर्यंत हा प्रश्न सारखाच विचारला जातो. विचारणारे पदवीधर असतात, आपण पुरोगामी शहरात राहतो असंही म्हणतात.

मुलींचं आणखी वेगळं. त्यांना जागा लवकर मिळते, पण दर जास्त, आणि रात्री नऊनंतर दार बंद. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला मध्येच आलेल्या मुलीला बुडालेले तास लॅबमध्ये थांबून भरून काढायचे असतात. पीएमपीची बस उशिरा आली म्हणून मालकिणीने गावी बापाला फोन केला आणि बापाने मुलीला घरी बोलावून घेतलं, असं घडलेलं मी पाहिलं आहे. ती मुलगी परत आली नाही.

मालकांची बाजू मला ठाऊक आहे. मुलं दंगा करतात, भिंती खराब करतात, भाडं बुडवून पळतात, सोसायटी कटकट करते. काही खरं असेलही. मग करार करा ना! करारात नुकसानीचं कलम असतं, ओळखपत्रं असतात, पोलिस पडताळणी असते. सोसायटी विद्यार्थ्यांच्या नावावर वाट्टेल ती वसुली करते म्हणून रडणाऱ्या मालकांनी २००१ चा शासन निर्णय वाचावा: बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, भाडेकरू कुटुंब असो की विद्यार्थी. स्वतःच्या हक्कासाठी सोसायटीशी भांडायची हिंमत नाही आणि मुलाच्या बापाला पावती फाडून द्यायची तयारी नाही, असल्या माणसाची बाजू मी का घ्यावी?

मला सगळ्यांत जास्त चीड येते ती मात्र शिक्षणसंस्थांची, कारण हा महाराष्ट्र याबाबतीत अडाणी नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं उभी केली. खेड्यातलं पोर शाळेच्या फीमुळे जितकं अडतं त्याहून जास्त राहण्या-जेवणामुळे अडतं, हे त्यांना दिसलं होतं. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली आणली, आणि त्यांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने मोडले गेले. याच पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहायक समिती सुरू केली ती खेड्यातून शिकायला आलेल्या मुलांसाठीच. या लोकांच्या हाती ना अनुदानाचे कोटी होते, ना शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेली लाखांची फी. आजच्या संस्थाचालकांच्या हाती डोंगर फोडून केलेले कॅम्पस आहेत, वातानुकूलित सभागृहं आहेत, आणि त्यांच्या कार्यालयात याच महापुरुषांच्या तसबिरी टांगलेल्या आहेत. त्या तसबिरी त्यांनी खाली उतरवाव्यात. निदान तेवढा प्रामाणिकपणा दाखवावा.

शिवाय पुढे हे प्रकरण आणखी वाढणार आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एका संस्थेतून दुसरीत जायची मुभा दिली, २०२१ मध्ये श्रेयांक पेढीचे नियम आले. मुलाने एका कॉलेजात कमावलेले श्रेयांक दुसऱ्या कॉलेजात चालणार. चांगलं आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण उद्या परभणीचा, नंदुरबारचा, गडचिरोलीचा मुलगा तिसऱ्या सत्राला पुण्यात आला तर त्याचीही गाठ नऱ्ह्याच्या त्याच एजंटशी पडणार. ज्याचे नातेवाईक कोथरूडमध्ये राहतात त्यालाच ही मुभा वापरता येईल. बाकीच्यांसाठी ती कागदावर राहील.

करायचं काय, हे अवघड नाही. थेट दुसऱ्या वर्षाला जितक्या जागा, त्यांतल्या बाहेरगावच्या मुलांच्या अंदाजाने वसतिगृहात खाटा सप्टेंबरअखेरपर्यंत राखून ठेवा. त्या कमी पडत असतील तर कॉलेजने स्वतःच्या नावावर जवळच्या इमारतीचे मजले नोंदणीकृत कराराने भाड्याने घ्यावेत आणि मुलांना खर्चाच्या दराने द्यावेत. वीस-पंचवीस लाखांच्या डिपॉझिटसाठी संस्था डगमगत नाही, शेतकरी तेरा हजारांनी मोडतो. आलेल्या मुलाला पहिले पंधरा दिवस अतिथीगृहात, नाहीतर व्यायामशाळेच्या हॉलमध्ये गाद्या टाकून राहू द्या, म्हणजे त्याला ओल्या गादीचं टोकन त्याच संध्याकाळी टाकावं लागणार नाही. त्या पंधरा दिवसांची गैरहजेरी लावू नका. कलम ५५ प्रवेश कक्षाच्या दारावर मोठ्या अक्षरात लावा आणि करार न देणाऱ्या मालकाची तक्रार मुलाऐवजी कॉलेजच्या लेटरहेडवर जाऊ द्या. एकट्या पोराला मालक हाकलू शकतो. कॉलेजच्या पत्राला त्याला उत्तर द्यावंच लागेल.

सीईटी सेलकडे माझी मागणी एकच आहे. ऑप्शन फॉर्म भरताना कॉलेजच्या कोडसमोर एक रकाना दिसू द्या: थेट दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी राखीव खाटा, मुलांच्या किती आणि मुलींच्या किती. प्रवेश निश्चित झाल्यावर कॉलेजने तो आकडा फिरवला तर त्या कॉलेजवर कारवाई करा. तो रकाना येईपर्यंत मी गप्प बसणार नाही. मी कॉलेजांना फोन करून हा आकडा विचारते आहे आणि आमच्या शेवटच्या वर्षाच्या वर्गात फळ्यावर कॉलेजच्या नावापुढे लिहिते आहे. काहींनी सांगितला, काहींनी "नंतर बघू" म्हणून फोन ठेवला. त्यांच्यापुढे मी शून्य लिहिलं आहे. शून्यवाल्या कॉलेजांना ऑप्शन फॉर्ममध्ये शेवटी टाका, असं मी मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना पालकसभेत उघड सांगते. बाकीच्या तंत्रनिकेतनांतल्या माझ्या सहकाऱ्यांनीही आपापल्या फळ्यावर हेच लिहावं.